अर्लभाऊंच्या रायफलीवरची दुर्बीण

शरयूमावशी हळदीकुंकवाला येते ती पर्समध्ये टॉर्क स्क्रूड्रायव्हर घेऊन. हा साधा स्क्रूड्रायव्हर नव्हे. त्यावर आकडे असतात. जेवढा जोर ठरवाल तेवढा लागला की तो टक् करून पुढे फिरायचं नाकारतो. मागच्या संक्रांतीला आमच्या इथल्या, परदेशातल्या, बॉथेलच्या घरी बायको वाण लुटत होती आणि मावशी कोपऱ्यात बसून एकेकीच्या चष्म्याचे स्क्रू आवळत होती. जाताजाता तिने आमच्या कुकरची दांडी आणि बाथरूमची कडीही पक्की करून दिली. तिळगूळ घ्यायचा मात्र विसरली.

ती माझी सख्खी मावशी नाही. आमच्या गल्लीत तीन घरं सोडून एकटीच राहते; मुलगा अमोल डलासला असतो. पहिल्या भेटीत मी तिला 'तुम्ही' म्हटलं, तर म्हणाली, मावशी म्हणतोस ना, मग तू म्हण, दोन्हीतलं एक काहीतरी ठरव. वय एकाहत्तर, उंची जेमतेम पाच फूट, सुती साडीवर रेनकोट. तिचे वडील भारतात एका सरकारी बंदुकीच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते, आणि तिची स्वतःची उभी नोकरी इथे वैद्यकीय उपकरणांचं माप तपासण्यात गेली. त्यामुळे 'अंदाजे' या शब्दाशी तिचं हाडवैर आहे. 'पाचच्या सुमारास येतो' म्हटलं की ती विचारते, "प्लस-मायनस किती?" आम्ही सगळे तिची टिंगल करतो आणि सगळे तिला टरकून असतो.

तिच्या कुंपणापलीकडे अर्ल नावाचे गृहस्थ राहतात. ऐंशीच्या घरातले, लाकूड कारखान्यातून निवृत्त, बोलणं मोजकं. मावशी त्यांना अर्लभाऊ म्हणते. भाऊ ही आपल्याकडची कसलीतरी पदवी असावी असा त्यांचा समज आहे आणि तो कोणी दुरुस्त केलेला नाही. त्यांच्याकडे वडिलांची जुनी लिव्हरची रायफल आहे. ट्रिगरखालचा कडीसारखा दांडा खाली-वर केला की रिकामं काडतूस बाहेर आणि नवीन आत. दर शरद ऋतूत ती घेऊन अर्लभाऊ डोंगरापलीकडे हरणाच्या शिकारीला जायचे. पण तीन वर्षं ते नुसतेच जाऊन परत येत होते. नळीच्या टोकाचा, नेम धरायचा मणी त्यांना दिसेनासा झाला होता, आणि गोळी कुठे लागेल याची खात्री नसताना बंदूक उचलायची नाही, जनावर जखमी होऊन पळता कामा नये, हा त्यांच्या वडिलांचा दंडक. या जूनमध्ये त्यांनी जाहीर केलं की पुरे झालं, रायफल आता भिंतीवर लटकेल.

मावशी कट्टर शाकाहारी. अंडं शिजलं तरी खिडक्या उघडते. तरी तिने कुंपणावरूनच हरकत घेतली. हरीण मारायचं की नाही ते तुमचं पाप-पुण्य, पण डोळ्यांपायी सोडणार असाल तर दुर्बीण लावा. अर्लभाऊ म्हणाले, दुर्बीण लावणारा माणूस हरलेला असतो असं माझे वडील म्हणायचे. यावर मावशी जे म्हणाली ते मी तिथे उभा असल्यामुळे ऐकलं. "अर्लभाऊ, पुटिंग ग्लास इज नॉट लूजिंग. हॅविंग ग्लास अँड नॉट पुटिंग इज लूजिंग." ते म्हणाले, बरं, बघू.

दुकानात आम्ही तिघं गेलो. गाडी मी चालवली, कारण मावशीला गाडी चालवायचा दोन वर्षांपासून कंटाळा होता. काउंटरवरच्या तरुणाने साडीकडे पाहिलं, मला मदत हवी का विचारलं, आणि पुढच्या वीस मिनिटांत त्याचं शिक्षण झालं. त्याने हातभर लांबीची, जाडजूड, सोळापट मोठं दाखवणारी दुर्बीण पुढे केली. मावशी म्हणाली, हा म्हाताऱ्याला नवरदेवाचा फेटा झाला. शिवाय या रायफलीचं रिकामं काडतूस सरळ वर उडतं. दुर्बीण बरोबर त्याच्या वाटेत बसवली तर ते आपटून परत आत पडेल. तो म्हणाला, मग बाजूला चार भोकं पाडून देतो. मावशीने रायफलीवर हात ठेवला, अंगावर आलेल्या कुत्र्यापासून पोराला वाचवावं तसा. या पोलादाला यांच्या वडिलांपासून आजवर कोणी भोक पाडलेलं नाही, म्हणाली, आणि मी पाडू देणार नाही.

तिचा उपाय वेगळा होता. नळीवर नेम धरायची मागची पट्टी ज्या खाचेत बसलेली असते, ती पट्टी हळूच ठोकून काढायची आणि त्याच खाचेत दुर्बिणीची बैठक बसवायची. भोक नाही, ओरखडा नाही, उद्या कोणाला मूळ रूप हवं असेल तर परत बसवता येईल. फक्त दुर्बीण पुढे सरकते, म्हणून लांबून डोळा लावता येईल अशी छोटी, अडीचपट दाखवणारी हवी. असली दुर्बीण कोणी मागत नाही, म्हणून ती गोदामातून आली. तोवर काउंटरवरचा तरुण तिला 'मॅम' म्हणू लागला होता आणि एक नोंदवही काढून लिहून घेत होता.

बसवण्याचं काम अर्लभाऊंच्या गॅरेजमध्ये, त्यांच्या समोर. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री. ती त्यांनी केली, मग मी केली, मग मावशीने काडतुसाच्या जागी करंगळी घालून केली. मग तिने स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी दुर्बिणीएवढी कापून बंदुकीच्या नळीवर चिकटवली आणि अर्लभाऊंना डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितली. उघडा. दिसतं का पूर्ण गोल? नाही? पुढे सरकवा. असं सतरा वेळा झालं. शेवटी अर्लभाऊंनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा हसले.

दुर्बिणीतली उभी रेघ सरळ आहे हे पाहायला तिने अर्लभाऊंच्या अंगणातल्या देवदारावर आपल्या वडिलांचा पितळी ओळंबा टांगला आणि तो हलू नये म्हणून पाण्याच्या बादलीत बुडवला. रायफलीवर पाणसळ ठेवली. मला म्हणाली, रेघ दोऱ्यावर बसली का सांग. मी म्हटलं, जवळजवळ. ती म्हणाली, जवळजवळ म्हणजे नाही. अर्धा तास मी डोळा लावून होतो आणि ती बोटांच्या टोकांनी केसभर फिरवत होती, माझ्या तोंडून निव्वळ 'हो' ऐकेपर्यंत. मग स्क्रू. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं नाही. भांडणाऱ्या जावांची समजूत घालतात तसं थोडं हिला, थोडं तिला, आळीपाळीने. ती स्क्रूंकडे पाहतही नव्हती. मान एका बाजूला कलती, नजर भलतीकडे, आणि बोटं बरोबर जागी. माझ्या हातून भिंतीत खिळा सरळ जात नाही. माझं तिथे हात जोडायचंच बाकी होतं.

सप्टेंबरात एका शनिवारी सकाळी आम्ही शूटिंग रेंजवर गेलो. कानांवर आवाज रोखणारे मफ, डोळ्यांवर संरक्षक चष्मे, आणि मावशीच्या अंबाड्यावरून मफ बसता बसेना. पन्नास यार्डांवर निशाणाचा कागद. अर्लभाऊंनी तीन गोळ्या सावकाश झाडल्या. मावशी शेजारच्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून उभी होती, पण मला विचारत होती, किती? मी सांगितलं, डावीकडे चार इंच, खाली दोन. तिने मनात हिशोब केला आणि दुर्बिणीवरचं नेमाचं चाक फिरवलं. खटके कानाने नव्हे, नखाने मोजले. पुढच्या तीन गोळ्यांनंतर रेंजवाल्याने सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या करायला लावल्या आणि आम्ही कागदाजवळ चालत गेलो.

तिन्ही भोकं मधल्या काळ्या वर्तुळात, एका आवळ्याखाली झाकतील अशी. मी ओरडणारच होतो. पण मावशी कागदापासून हातभर अंतरावर उभी होती आणि तर्जनीने कागद चाचपत होती. बोट वर्तुळाबाहेर, कोपऱ्यातल्या स्टेपलच्या भोकावर थांबलं. "इथे?" तिने विचारलं. मग मान कलती करून, कागदाकडे नव्हे, कागदाच्या बाजूला बघत, परत चाचपू लागली.

तिला समोरचं दिसत नव्हतं. मला ते त्या क्षणी कळलं आणि माझी मला लाज वाटली. महिनोन्महिने मी तिच्या बाजूला उभा राहून नुसता थक्क होत होतो.

अर्लभाऊंनी तिचं बोट अलगद धरलं आणि बरोबर त्या भोकांवर नेऊन ठेवलं. बाकावर परत आल्यावर त्यांनी शांतपणे तिला आठवण करून दिली की काच असून न लावणं म्हणजे हरणं, हे तूच मला जूनमध्ये सांगितलं होतंस. डॉक्टरला दाखवलंस का?

मावशीने उत्तर मला दिलं, मराठीत. "बाबांची नजर गेली ना, तेव्हा त्यांना एक साधं भिंग दिलं असतं तरी चाललं असतं. कारखान्याच्या साहेबांनी त्यांच्या हातातला माप तपासायचा गेज काढून घेतला आणि गेटवर स्टूल दिलं. तिथे ते हात मांडीवर ठेवून बसायचे. मी शाळेतून येताना बघायचे." मग म्हणाली, "नजर गेली असं डॉक्टरने एकदा लिहून दिलं, की अमोल मला डलासला त्याच्याकडे घेऊन जाणार. चांगला मुलगा आहे. मला खोली काढून ठेवलीय, टीव्ही लावलाय. स्टूलच ते. मला भीती वाटते रे."

अर्लभाऊंना मराठीतलं अक्षर कळलं नसेल. तरी त्यांनी तिच्यासमोर कॉफीचा थर्मास ठेवला आणि तिचं पिऊन होईपर्यंत रायफल पेटीत ठेवली नाही. मी तिला म्हटलं, मावशी, अमोलला नंतर सांगू, आपण तिघं मिळून सांगू. आधी डोळे किती गेलेत ते तर कळू दे. गाडीत बसल्यावर पाचेक मिनिटांनी म्हणाली, लाव फोन.

रेंजच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन मी डोळ्यांच्या क्लिनिकला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडच्या मुलीने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, काय त्रास होतो विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीने फोन हातात घेतला.

"आय कॅनॉट सी व्हॉट इज स्ट्रेट इन फ्रंट," ती म्हणाली. "टू इयर्स."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज झाला. मग त्या मुलीने सांगितलं की मंगळवारी दहा वाजता जागा आहे, पण डोळ्यांत औषध घालतील, एकटीने येता येणार नाही. सोबत कोणी आहे का?

मावशीने माझ्याकडे तोंड केलं. मग मागच्या सीटकडे वळली. तिथे अर्लभाऊ रायफलीची पेटी गुडघ्यांवर आडवी घेऊन बसले होते. त्यांनी हात वर केला, आणि तिला दिसला नसेल म्हणून तिच्या खांद्यावर ठेवला.

"येस," मावशी फोनमध्ये म्हणाली. "टू पीपल."