बैठ्या मापाच्या चिलखताची बखर

गजवदनास वंदून, कुलदेवतेस स्मरून आणि शेजाऱ्यांची मर्जी सांभाळून ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, रविवार, ते दिवशी जैसा प्रसंग घडला तैसा या भूमीवर पूर्वी जाहला नाही व पुढे होणे नाही. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहिले, पदरचे अक्षर घातले नाही. चष्मा मात्र त्या आठवड्यात दुरुस्तीस दिला होता.

एक राज्य होते. नांव लिहिण्याचे प्रयोजन नाही. चार मजले, एक जिना आणि एक लिफ्ट, ती बहुतकाळ आजारी. चौथ्या मजल्यावर दिगंबरपंत गुप्ते नामें गृहस्थ राहत. चौतीस वर्षे भूमापनाच्या कचेरीत चाकरी करून, रानोमाळ हिंडून, लोकांच्या जमिनी इंचाइंचाने मोजून ते निवृत्त जाहले, आणि घरी येऊन गॅलरीतील वेताच्या खुर्चीवर जे बसले ते दोन वर्षे खाली उतरले नाहीत. प्रकृतीस काही नव्हते. डॉक्टरांनी तपासून चालावयास सांगितले, तेव्हां पंत म्हणाले, "चालतो की. पण खाली आहे काय?" आणि खरेच खाली पाण्याची टाकी आणि दोन मोडके बाक एवढेच होते. परंतु त्यांच्या पत्नी नलिनीबाई यांस घोर लागला, की एखादे दिवशी वेतास पालवी फुटेल, परंतु हा पुरुष उठणार नाही. मग बाईंनी मंडळाच्या बैठकीत मसलत घातली, की यंदा वार्षिक संमेलनी गाणी पुरेत, प्रत्येक घराने जुन्या काळच्या राजेरजवाड्यांचे वेष घरीच करावे आणि लेवून खाली मिरवावे. ते सर्वांस मानवले, आणि राज्यात एकच धामधूम उडाली. कोणी न्हाणीघराचा पडदा खांद्यावर घेऊन त्यास राजवस्त्र म्हटले, कोणी कॅरम बोर्डाची ढाल केली, आणि एक सेनापती तर काळा चष्मा लावून सिद्ध जाहले, की रणांगणी ऊन असेलच ना. तिसऱ्या मजल्यावरील टेमकर, ज्यांनी तीस वर्षे कॉलेजात इतिहास शिकविला, त्यांस परीक्षक नेमिले, आणि ते दारोदार हरकती घेत फिरू लागले. नलिनीबाईंकडे येऊन पुसते जाहले, "वहिनी, हा अंगरखा कुठल्या शतकातला?" बाई म्हणाल्या, "मागल्या बुधवारचा." "अहो, पण पाठीला चेन लावलीत! तेव्हा चेन कुठे होती?" "मग ते राजे घालत तरी कसे असतील हो? बिचारे!"

हा अंगरखा म्हणजेच बाईंनी योजिलेले पंतांचे चिलखत. घरोघरीच्या तारेच्या घासण्या मागवून, उलगडून, पंतांच्या जुन्या स्वेटरास व पांघरावयाच्या दोहरास खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एकसंध टाचून तीन आठवडे काम चालविले, आणि राज्यातील समस्त भांडी काथ्याने घासावी लागली. कामाच्या शेवंताबाई म्हणाल्या, "बाई, राजाची चकाकी झाली, आता कढईचं बघा काहीतरी." शिरस्त्राण म्हणोन ढोकळ्याचे पातेले ठरले. मापे मात्र गुप्तपणे घ्यावी लागली, कारण पंतांस कळते तर ते नाही म्हणते. सबब दुपारी पंत खुर्चीत घोरत असतां बाईंनी टेप लावून खांदा, पाठ, पोट आणि गुडघा मोजिला. पंतांस जाग आली नाही.

रविवारी सकाळी बाई म्हणाल्या, "जरा हात वर करा, बसतंय का बघते." पंतांनी पेपर वाचीत हात वर केले, आणि चिलखत अंगावर ऐसे बसले की सुरकुती नाही. मग बाई म्हणाल्या, "उठा, खाली जायचंय." पंत रागे भरून नको म्हणावयास उठू लागले, तों उठवेना. अर्धे उठले आणि परत बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. मग त्यांनी शिवणीवर नजर फिरविली, आणि चौतीस वर्षांचा अनुभव तो, एका क्षणात उमगले. "नलू, माप बसल्याचं घेतलंस?"

"मग तुम्ही उभे कधी असता?"

पंत कठड्याकडे पाहत राहिले. बाई पाठीची चेन काढू गेल्या, तों ती तारेत अडकली. मग कात्री आणिली, आणि कात्री लावतां हात थांबला, कारण चिलखत तीन आठवड्यांचे होते आणि हेतू दोन वर्षांचा. ते पाहून पंत म्हणाले, "कात्री ठेव. टेमकरांना हाक मार, आणखी तिघांना आण. खुर्चीसकट न्या म्हणावं. आणि कलंडवलंत तर याद राखा."

लिफ्ट आजारीच होती. चौघांनी खुर्ची उचलिली आणि स्वारी जिन्याने निघाली. टेमकर घामाघूम होऊन म्हणाले, "पंत, भात कमी करा!" पंत पातेल्याखालून म्हणाले, "डावीकडे तीन इंच घ्या टेमकर, बोलू नका." ऐसे प्रत्येक वळणी इंच सांगत, कठड्यास न लागतां, पंत टाकीपाशी उतरले. तेथे गाड्या लावण्याच्या आखीव पट्ट्यावरून दोन घरांचा दोन वर्षांचा तंटा होता. पंतांनी बसल्या जागी एक डोळा मिटून पाहिले आणि सांगितले, "पट्टा एक फूट वाकडा आखलाय. मला विचारायचं नाही का?" दोन्ही घरे म्हणाली, "तुम्ही होतात कुठे?" मग टेमकरांनी कंबर धरून निकाल दिला, की हे चिलखत कोणत्याच शतकात बसत नाही, परंतु चौघांनी वाहून आणिलेला राजा हीच एक गोष्ट आज इतिहासास धरून जाहली. बक्षीस पंतांस मिळाले.

नंतर कात्रीने चिलखत उतरविले, आणि पंत गंजीफ्रॉक-पायजम्यावर चार मजले चालत वर गेले. खुर्ची वर नेण्यास चौघांपैकी एकही पाठ शिल्लक नव्हती. दुसरे दिवशी पाच वाजतां पंत गॅलरीत येऊन पुसते जाहले, "माझी खुर्ची?" बाई भाजी निवडीत म्हणाल्या, "खाली आहे."

येणेंप्रमाणें चिलखत कामी आले, पातेल्यास पोचा पडला, आणि पंतांचे रोज पाच वाजतां खाली येणे सुरू जाहले. लिफ्ट मंगळवारी दुरुस्त झाली. खुर्ची टाकीपाशीच आहे.