विहीणबाईंना तू कसं म्हणायचं?

परदेशात, ब्लॅकटाउनला स्थायिक झालेल्या उल्हासरावांनी पन्नाशी उलटल्यावर स्वीडिश शिकायला घेतलं. मुलगी रुचा युनिव्हर्सिटीतल्या लीनुसशी लग्न करणार होती आणि त्याचे आईवडील, बिर्गिता आणि लार्स, स्वीडनहून आले होते. रविवारी ते जेवायला येणार होते.

"बाबा, त्यांना इंग्लिश येतं. चिल!" रुचा म्हणाली.

"इंग्लिश काय, बँकेतही बोलतो आपण. नात्यात माणसाची भाषा बोलावी."

अडचण एकच. मोबाइलवरचं अ‍ॅप सगळ्यांना 'दू' म्हणायला शिकवत होतं. दू म्हणजे तू. विहीणबाईंना तू? उल्हासरावांना ते भयंकर वाटलं. शेवटी ऑप-शॉपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, स्वीडिशचं एक जुनाट पुस्तक सापडलं. त्यात आदरार्थी 'नी' होतं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

रविवारी लीनुस शिफ्टला होता. पानं मांडली गेली. उल्हासरावांनी श्रीखंड पुढे धरून बिर्गिताबाईंना स्वीडिशमध्ये अदबीनं विचारलं, "नी आणखी घेणार?"

आता 'नी'चा अर्थ 'तुम्ही सगळे' असाही होतो. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हो, दोघांनाही वाढा."

पुऱ्यांचं तेच झालं, मसालेभाताचंही तेच. बिचाऱ्या लार्सनी हळूच पट्टा सैल केला. काहीतरी चुकतंय हे ओळखून उल्हासरावांनी बाईंकडे बोट केलं आणि ठासून म्हणाले, "नी! फक्त नी!"

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी चमचा खाली ठेवला.

रुचानं बाबांना किचनमध्ये ओढलं. "बाबा! एकट्या माणसाला नी म्हणजे पूर्वी नोकरांना म्हणायचे. बिर्गिताची आई लोकांकडे धुणीभांडी करायची, जन्मभर तेच ऐकलं तिनं! आता तिकडे डॉक्टर, बॉस, प्रोफेसर, सगळ्यांना दूच म्हणतात. त्यात मान आहे."

उल्हासराव घामाघूम होऊन बाहेर आले, हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि शिवी द्यावी तसं म्हणाले, "बिर्गिता... दू!"

बाई खळखळून हसल्या. लग्न वाचलं. खुशीत त्या शेजारी बसलेल्या अण्णांकडे वळल्या. अण्णा म्हणजे उल्हासरावांचे वडील, शहाऐंशीचे, निवृत्त हेडमास्तर. बाईंनीही चार मराठी वाक्यं पाठ करून आणली होती. रुचा लीनुसशी जी वाक्यं बोलायची ती त्यानं उचलली आणि आईला शिकवली.

"अरे अण्णा," बाई म्हणाल्या, "तू जेवत का नाहीस?"

उल्हासरावांचा डाव हवेतच राहिला. लार्ससुद्धा चावायचे थांबले.

"काय म्हणालीस?" अण्णांनी विचारलं. "पुन्हा म्हण."

बाईंनी घाबरत घाबरत पुन्हा म्हटलं.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "आमचा दादा गेला त्याला एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून मला कुणी अरे म्हटलंच नव्हतं गं. ये, इकडे सरक."

मग चार वाक्यांच्या भांडवलावर दोघांच्या अशा काही गप्पा रंगल्या की अण्णांनी दोनदा श्रीखंड मागून घेतलं. ते पाहून उल्हासरावांनाही उमाळा आला. भाताचा डाव घेऊन ते प्रेमानं वाकले.

"अण्णा, तू थोडा भात घेतोस?"

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तू कधीपासून रे स्वीडिश झालास?"