आतड्याचा निरोप

मिठाचं पाणी गटागटा पिऊन झालं की बिराजदार सरांचा पहिला प्रश्न असायचा, "जाधव, किती वाजले?" मी नऊ वाजून पाच सांगितले की ते वहीत लिहायचे आणि शिकवायला वर्गावर जायचे. दर दोन तासांनी तास मध्येच थांबवून ते बाहेर पडत, ते थेट काचेची बाटली घेऊन मुतारीकडे. मुलं त्यांना 'खारे सर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. बहुधा आवडतही असावं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरातल्या कॉलेजात शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक होतो. दर सोमवारी सरांचं बीपी घ्यायचं आणि बाटल्यांतलं मीठ मोजायचं, हे माझं काम.

सरांचं म्हणणं साधं होतं. मीठ सलाइनमधून शिरेत सोडलं तर मूत्रपिंड ते सावकाश बाहेर टाकतं. तेवढंच तोंडानं घेतलं तर भराभर.

"म्हणजे काय, जाधव? आतड्याला आधी कळतं! ते मूत्रपिंडाला निरोप धाडतं, पाव्हणे आलेत, दार उघडून ठेव. निरोप नेणारं एखादं हार्मोन असणार बघा. अजून कुणाला सापडलेलं नाही."

ते शोधायचं म्हणून लग्नाच्या पंगतीतही सर घरून मीठ मोजून आणलेला डबा खात.

एकदा सुट्टीच्या दिवशी सायकलला बाटल्यांची पिशवी अडकवून येताना त्यांना नाक्यावर हवालदारानं अडवलं.

"काय हाय यात?"

"लघवी. माझीच."

"आमाला येडं समजता व्हय?" म्हणत त्यानं बूच काढलं आणि बाटली नाकाशी धरली. त्याचं तोंड बघून आख्खा नाका हसला. एकटे सर हसले नाहीत. काकुळतीनं म्हणाले, "सांडली नाही ना? दुपारची आहे ती."

तीन वर्षांच्या वह्या भरल्या. आता सहा सोमवार उरले होते, मग शोधनिबंध लिहायचा. तेवढ्यात सरांच्या पत्नीच्या, आमच्या वहिनींच्या, पायांवर सूज आली. डॉक्टरांनी मीठ साफ बंद केलं. घरात दोघंच, मूलबाळ नाही. आणि वहिनी तर शेंगाचटणीशिवाय घास न उतरणाऱ्या. चार दिवस त्या भरल्या ताटावरून उठल्या.

पाचव्या दिवशी सर प्रयोगशाळेत आले. "जाधव, बाटल्या धुऊन ठेवा. मलाही मीठ बंद. बीपी वाढलंय."

 आदल्याच दिवशी मी मोजलं होतं. एकशे वीस, ऐंशी.

"आणि हार्मोन, सर?"

"ते कुठं पळून जातंय? सापडेल की कुणालातरी."

पुढं एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. अळणी आमटी, अळणी शेंगाचटणी. माझ्या घशाखाली काही उतरेना. सर मात्र भाकरी कुस्करून ओरपत होते, "वा! आज लई झक्क झालीय!" त्यांच्या जोडीनं वहिनीही दोन घास जास्तच जेवल्या.

सर पाण्याचा तांब्या आणायला आत गेले, तशा वहिनी हळूच म्हणाल्या, "त्यांना बीपी-बिपी काही नाही. व्हय की नाही?"

मी घाईघाईनं अळणी आमटीचा भुरका मारला.

"मला कळलंय म्हणून सांगू नका हं त्यांना," त्या म्हणाल्या, आणि सरांच्या ताटात त्यांनी आमटीची आणखी एक पळी वाढली.