याकूबभाईंचा रुमाल

आमच्या समोरचे याकूबभाई रोज सकाळी एका रुमालाची परीक्षा घेतात.

पांढरा रुमाल ओला करून ते अंगणातल्या दोरीवर टाकतात, तासाभराने चष्मा पुसून न्याहाळतात आणि अख्ख्या गल्लीला निकाल ऐकवतात, बहुतेकदा "नापास!" मी शाळामास्तर, कुणाला नापास करायचं तर मलासुद्धा दहादा विचार करावा लागतो. आणि वणीत, कोळशाच्या गाड्या जिथे दारावरून जातात, तिथे पांढरा रुमाल पास व्हायची अपेक्षा धरणं हेच मुळात वेडेपणाचं.

निकाल लावून झाला की स्वारी निघते गतिरोधकावर. ट्रक हळू झाला की हे आडवे. "ताडपत्री कुठं हाय बे? घरी पांघरून झोपतं का?" ड्रायव्हर शिव्या देतो, आणि हे सत्तरीतले गृहस्थ त्या ऐकत ऐकत ट्रकवर चढून स्वतःच ताडपत्री ओढतात.

घरात त्यांच्या पत्नी, जुबेदाभाभी. छातीचा जुनाट आजार. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितलंय, म्हणजे वणी सोडा हे न बोलता सांगितलंय. रुमाल पास झाला तरच भाभींना ओट्यावर बसायची परवानगी. गेले आठ दिवस त्या आतच होत्या.

मला गंमत सुचली. याकूबभाई निकालाला यायच्या आत मी त्यांचा काळवंडलेला रुमाल खिशात घातला आणि माझा धुतलेला, ओला रुमाल दोरीवर टाकला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"पास!"

भाभी खुर्चीत येऊन बसल्या आणि रस्त्याकडे बघून अशा हसल्या की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. चौथा ट्रक गेला आणि खोकला सुरू झाला. मग पंप, मग ऑक्सिजनचं मशीन.

संध्याकाळी भाभींना आराम पडला तेव्हा माफी मागायला गेलो. खिशातून त्यांचा रुमाल काढला. कोपऱ्यावर भाभींनी भरलेलं निळं फूल होतं. सकाळी मला ते दिसलंच नव्हतं.

"मले दिसलं," याकूबभाई म्हणाले. "तुमच्या रुमालावर फूल नोहोतं. पण सर, आठ दिवसापासून म्हणून राह्यली, एकदा बाहेर बसू द्या. म्हटलं, करून टाकू पास."

मी रुमाल त्यांच्यापुढे ठेवला. ते पुढे बोलले.

"तीस वर्सं राजूरच्या खाणीतून कोयसा वाह्यला म्या, याच रस्त्यानं. ताडपत्री बांधाची म्हणजे टाइम जाते, एक खेप कमी होते. कधीच बांधली नाही. अन् थे, तुमची भाभी, रोज ओट्यावर बसे. माही गाडी आली का हात हालवे."

दुसऱ्या दिवशी रुमाल नापास झाला. याकूबभाई एका ट्रकवर चढले, ताडपत्री ओढली आणि घराकडे वळून हात हलवला. बंद खिडकीच्या काचेमागे भाभींचा हात हलला. खाली ड्रायव्हर मला शिव्या देत होता, कारण ताडपत्रीच्या दोरीचं दुसरं टोक मी धरलं होतं.