मानाच्या विड्याची हकीकत

॥ श्री ॥ भुजांत बळ घालणारी, आणि तें ओसरल्यावरी बढाया तेवढ्या शिल्लक ठेवणारी जी आदिमाया, तिजला दंडवत घालोन लेखनारंभ. शके सोळाशें ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरीं, फाल्गुन शुद्ध पंचमीस राज्यांत मोठा पेच उत्पन्न जाहला. महावजनी मुष्टियोद्धे दोन, हैबतराव व सुभानजीराव. दोघेही एके काळचे अजिंक्य, आतां म्हातारे. आणि महाराजांच्या उजव्या हातची बैठक व मानाचा विडा एकच. तेव्हां महाराजांनीं आज्ञा केली कीं, ज्याचा विजय थोर त्यास विडा. मग राज्याची जुनी रीत निघाली. ती ऐशी कीं, जितका हरलेला थोर तितका विजय थोर. सबब जिंकणारानें हरलेल्यास शेजारीं बसवोन त्याची तारीफ करावी, आणि हरलेला मान डोलवील तरच ती खरी. हें ऐकोन सुभानजीराव पुरते अडचणींत आले. कां कीं, पंधरा फेऱ्या लढोन ज्या येसाजीस पाडिलें, त्यास वीस वर्षें चावडीवर बसोन "बुजगावणें तें! फुंकर मारली, पडलें," ऐसें म्हणत आले होते, आणि आतां गुडघे गेले, दांत गेले, उरली होती ती या बैठकीची आस.

आधीं हैबतराव उठले. त्यांचा विजय दोन पळांचा. घंटा वाजली आणि समोरचा गडी कृष्णाजी आडवा, प्रेक्षकांची सुपारी कातरायची राहिली. हैबतराव बोलिले, "महाराज, हा कृष्णाजी म्हणजे केवळ पर्वत! काय त्याचा पवित्रा, काय त्याचा ठोसा!" कृष्णाजी भोळा, म्हणाला, "रावसाहेब, ठोसा कधीं मारला मी? मुठीच्या गाद्या नीट बांधल्या कीं नाहीं, तें पाहत होतों." सभा खो खो हांसली, महाराजांचे मुखांतील पान सांडलें, आणि हैबतराव घाम पुसत खालीं बसले.

मग सुभानजीराव येसाजीचे डावे अंगास जाऊन बसले. तारीफ घोकोन आणिली होती, ती तोंडास येईना. अखेरीस खालीं पाहोन हळूच म्हणाले, "महाराज, नवव्या फेरीस यानें ऐसा ठोसा दिला कीं, मला माझी आई आठवली. पंधराव्या फेरीस माझे पाय गेले होते. डोळे मिटोन हात फिरविला, तो याचे कानशिलीं बसला. यानें आणखी एक मारला असता, तर आज विडा याचा. हें उघड होईल या भयानें मी त्यास बुजगावणें म्हणत आलों." येसाजी ढिम्म, मान हलेना. सुभानजीरावांनीं ओळखिलें, बैठक गेली, आणि हात जोडिले. तेव्हां येसाजी वळोन म्हणाला, "राव, कांहीं बोललात काय? या बाजूनें बोला. त्या कानाला तुमच्या त्या ठोशापासोन ऐकूं येत नाहीं."

मग सुभानजीराव गुडघे धरीत उठले, दुसरे बाजूस गेले आणि अवघें पुन्हा बोलिले, या खेपेस मोठ्यानें, आणि बोलतां बोलतां डोळे भरोन आले. येसाजीनें मान डोलविली, थांबला, पुन्हा डोलविली, मग म्हणाला, "नवव्या फेरीचें आणखी एकदां सांगा."

सारांश, विडा सुभानजीरावांनीं जिंकिला, परंतु दांत नव्हते, सबब येसाजीनें चावला. महाराजांचे उजव्या हातची बैठक रिकामीच राहिली. सुभानजीराव येसाजीच्या ऐकत्या कानाकडे बसले, ते उठलेच नाहींत. येथें लेखणी खालीं ठेविली असे.