कूलरची खंडेनवमी

आमच्या घरात यंत्र कळतं ते फक्त मला! बावीस वर्षं अंबडच्या कारखान्यात लेथवर काढली आहेत. म्हणून आमची कन्या तेजस्विनी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॉम्प्युटरचा कूलर करणार म्हणाली, तेव्हा मी लगेच बाह्या सरसावल्या.

"पप्पा, तुम्ही फक्त बघा. हात लावू नका!"

हा कूलर म्हणजे पाणी भरायचा नव्हे बरं का. कॉम्प्युटरच्या पोटात प्रोसेसर नावाची चौकोनी वडी असते, ती तापते. तिच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि वर पंखा, एवढंच ते प्रकरण. तेजूने पट्ट्या नव्या मापाने कापून घेतल्या होत्या. आधीच्या कूलरखाली प्रोसेसर अठ्ठावन्न अंशांवर जायचा, तेजूच्या कूलरखाली एकोणपन्नास! दसऱ्यानंतर दोन दिवसांनी कॉलेजात परीक्षक येणार होते. त्यांना हे एकोणपन्नास दिसलं की पोरीच्या कष्टांचं चीज होणार होतं.

खंडेनवमीला मी पाने, पकडी, बायकोचं म्हणजे प्रतिभाचं शिलाई मशीन, सगळं पुसून पूजेला मांडलं. तेजू मैत्रिणीकडे गेलेली. मग तिच्या कूलरनेच काय घोडं मारलंय?

चार स्क्रू काढून कूलर उचलला, तर खाली पांढरा चिकट लेप! माझं डोकंच फिरलं. कॉम्प्युटर जोडणाऱ्याने तंबाखू मळताना चुना सांडला असणार! रॉकेलच्या फडक्याने घासघासून पुसलं. प्रोसेसर आरशासारखा चमकायला लागला. मग हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि होतं तसं बसवून टाकलं.

दसऱ्याच्या सकाळी तेजूने कॉम्प्युटर लावला. सत्तर... ऐंशी... एक्क्याण्णव... आणि खट्कन बंद! पुन्हा लावला. पुन्हा बंद!

"पट्ट्या फार जवळजवळ झाल्या का?" तेजू वही उघडून बसली. "पण परवा तर चालला होता!"

मलाही काही उमजेना. मी म्हटलं, "व्होल्टेज! इंदिरानगरात व्होल्टेजचा तमाशाच आहे." शेजारच्यांकडून स्टॅबिलायझर आणला. आता कॉम्प्युटर स्टॅबिलायझर लावून बंद पडायला लागला.

तेवढ्यात प्रतिभाचा कांदा पिकवणारा भाऊ कारभारी येवल्याहून सोनं द्यायला आला. आपट्याची पानं हातात ठेवता ठेवता त्याने कॉम्प्युटरच्या पोटात डोकावलं.

"तेजू, तुझी चाळ चुकली गं."

"मामा, हा कूलर आहे!"

"तेच ते. कांदाचाळीला खालून वारं लागतं. हितं खालून वारंच नाय. कांदा असता तं आठ दिसात सडला असता."

झालं! कॉम्प्युटरचा डबा चार विटांवर चढला. खालून टेबलफॅन लागला. फॅनच्या वाऱ्याने तेजूचे कागद घरभर उडाले, प्रतिभा ते पकडत धावली आणि आकडा आला नव्वद.

"एक कमी झाला ना! अजून दोन विटा आणा दाजी," कारभारी म्हणाला.

तेजूच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं डिझाइनच चुकलंय. परवा मी जातच नाही कॉलेजला."

एवढी धीट पोर, पण स्वतःवरचा तिचा विश्वासच उडाला होता. शेवटी ती जुना कूलर लावायला निघाली. स्क्रू काढले, आपला कूलर उचलला आणि आत डोकावली. आम्ही तिघं वाकून बघायला लागलो. चकचकीत प्रोसेसर, त्यावर हळद, त्यावर कुंकू.

"पप्पा, पेस्ट कुठंय?"

"कसली पेस्ट?"

"पांढरी! तिच्यातूनच उष्णता कूलरपर्यंत जाते!"

"ती? मला वाटलं, चुना सांडलाय..."

"दाजी, तुम्ही तं चाळीचं दारच बुजवलं!" कारभारी डब्याखालच्या विटा काढत म्हणाला.

तेजूने प्रोसेसर पुसला आणि नवी पेस्ट लावली. एकोणपन्नास! पेस्टशिवायचे आणि पेस्टसकटचे, दोन्ही आकडे तिने वहीत लिहिले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

परीक्षकांना मात्र तिची वही भलतीच आवडली. पेस्ट नसताना काय होतं, तेही या मुलीने तपासलंय म्हणून शाबासकी दिली! मी घरात छाती काढून म्हणालो, "म्हणजे माझ्यामुळेच!"

तेजूने शांतपणे वहीचं शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. 'उणिवा' या मथळ्याखाली लिहिलं होतं: 'डिझाइनमध्ये एकच दोष आढळला. कूलर फक्त चार स्क्रूंवर बसत असल्याने घरातील कोणतीही अनुभवी व्यक्ती तो सहज उघडू शकते.'

'अनुभवी' लिहिलंय, तेवढं मात्र बरं वाटलं!