दस्तगीरचाचांची श्रद्धांजली

लोप पावत चाललेली गोष्ट आपल्याला नुसत्या वासावरून कळते, असं हेरंब ताम्हनकर छाती फुगवून सांगायचा. टॅबलेटवर तो व्यंगचित्रं काढायचा. कल्हईवाला, नंदीबैलवाला, रस्त्यावरचा टायपिस्ट. मिरजेतले लोक ती मोबाइलवर एकमेकांना धाडत आणि हेरंब दिवसभर जमिनीपासून चार बोटं वर चाले!

त्या दिवशी त्यानं गावातला शेवटचा पिंजारी चितारला. दस्तगीर नदाफ. चाचा धनुकलीची तार टणकारत कापूस पिंजताहेत, कापसाचे ढग वर चाललेत आणि चाचाही त्यांच्याबरोबर जरासे उचलले गेलेत! खाली ओळ : ‘चाचा, आता ही टणंग टणंग कुठं ऐकू येणार?’ चित्र सगळीकडे पाठवून हेरंब जेवला आणि आडवा झाला.

उठला तर दीडशे निरोप! ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ ‘देवमाणूस गेला.’ कुणी तर चित्राला हारही घातला होता.

हेरंब आधी हसला. मग त्याला घाम फुटला. खरंच गेले असतील तर? त्यानं चाचांना फोन लावला. बंद! शर्टाची बटणं वरखाली लावून तो धावत सुटला. चाचांच्या दारात चपलांचा ढीग बघून तो उंबऱ्याबाहेरच थबकला.

“कधी गेले हो?” त्यानं रडवेल्या आवाजात विचारलं.

“कुठं जाऊ, सांग!” आतून चाचा कडाडले. “सकाळपासून इथंच बसलोय!”

हेरंबनं त्यांचे पायच धरले. “चाचा, तुम्ही आहात!”

“मी आहे. तू किती वेळ राहतोस ते बघतो! फोन घेऊन घेऊन बॅटरी संपली. एकाला म्हटलं, अरे मीच बोलतोय. तर म्हणतो, मस्करी करू नका, घरात दुःख आहे!”

लग्नघरच्या आठ गाद्यांचं काम दुसरीकडे गेलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे चाचांची लेक नसीमा रडत विजापूरहून निघाली होती. बसमध्ये तिचा फोन लागेना.

चाचांनी हेरंबला तिथंच बसवलं. “काढ दुसरं चित्र! मिशी काळी कर. आणि लिही : मी जिवंत आहे, गाद्या आणा.”

संध्याकाळी नसीमा रिक्षातून उतरली. दारात चहा पिणारा बाप बघून ती रस्त्यातच मटकन बसली. “अब्बा!”

दिवसभर गरजणारे चाचा चहा टाकून धावले. त्यांनी तिला उठवून जवळ घेतलं. “रडू नको गं, कापूस गेलाय डोळ्यांत,” म्हणत स्वतःचेच डोळे पुसले. हेरंबचा जीव तेव्हा कुठं भांड्यात पडला.

“चित्र कुणी काढलं?” नसीमानं विचारलं.

अख्ख्या गल्लीनं एकदम बोट दाखवलं!

पुढची शिव्यांची सरबत्ती हेरंबनं आनंदानं ऐकून घेतली. दोन दिवसांत आठ गाद्या परत आल्या, वर आणखी अकरा.

पुढच्या आठवड्यात तो छत्री दुरुस्त करणाऱ्या गणपा कोरव्यांसमोर जाऊन बसला. टॅबलेट पिशवीतून अर्धाच बाहेर आला होता. गणपांनी छत्र्या गोळा केल्या, हात जोडले.

“बाबा रे, पाया पडतो! मला अजून नातसून बघायचीय!”